मेढींवरचा गोठा : आखणी आणि उभारणी

दारात गाय असणे ही मांद्रे गावात एके काळी मुद्दाम सांगण्याची गोष्ट नव्हती. आज ती झाली आहे. शेते पडीक राहू लागली, किनाऱ्यालगतच्या जमिनींस निराळे भाव आले, आणि गोव्याला लागणाऱ्या दुधाचा मोठा भाग महाराष्ट्र व कर्नाटकातून येऊ लागला. तरीही ज्यांनी एकदोन जनावरे टिकविली आहेत, किंवा नव्याने घेण्याचे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यापुढे पहिला खर्च उभा राहतो तो गोठ्याचा. चिऱ्यांच्या भिंती आणि कौलारू छप्पर असा पक्का गोठा परवडत नाही, म्हणून पुष्कळदा गाय विकली जाते. अथवा ती गळक्या आडोशाखाली चार महिने भिजत उभी राहते.

ह्या दोहोंच्या मधला एक मार्ग आहे. खांब उभारावेत, त्यांवर छप्पर घालावे आणि भिंती जेथे खरोखर लागतील तेवढ्याच बांधाव्यात. असा गोठा घरची माणसे व चार शेजारी मिळून उभारू शकतात. मात्र तो उभारण्याआधी नीट आखला पाहिजे. आखणी कशी करावी आणि पैसा कोठे खर्च करावा, एवढेच सांगण्याचा ह्या लेखाचा उद्देश आहे.

मांडव आणि गोठा

खांबांवर छप्पर ही कल्पना आपल्याला परकी नाही. दोन फाट्यांची मेढ जमिनीत रोवावी, फाट्यात आडवे लाकूड बसवावे, त्यावर वासे टाकून सुंभाने आवळावेत आणि वर झाप घालावेत, हे मांडवाचे शास्त्र प्रत्येक वाडीवर कोणाला तरी अवगत असते. अमेरिकेत १९३० च्या दशकात हॉवर्ड डोन आणि बर्नन पर्किन्स यांनी शेतावरच्या स्वस्त कोठारांसाठी हीच रीत नव्याने मांडली. तेथील कोठारांना पाया व जाड चौकटी लागत. त्यांऐवजी औषध मुरविलेले खांब सरळ जमिनीत खोल पुरले, तर खांब हाच पाया होतो आणि खांब हाच आधार होतो, हे त्यांनी दाखविले. मंदीने पिचलेल्या शेतकऱ्यांना ते सोयीचे वाटले आणि पुढे ती पद्धत तिकडे सर्वत्र रूढ झाली.

परंतु मांडव आणि गोठा यांत एक मोठा फरक आहे. मांडव दरवर्षी उतरविला जातो. मेढीचे बूड कुजले असेल तर नवी मेढ येते, सुंभ झिजले असेल तर नवे सुंभ येते. म्हणजे मांडवाचा टिकाऊपणा लाकडात नसून दरवर्षीच्या डागडुजीत आहे. गोठा आपण पंधरावीस वर्षांसाठी बांधतो आणि बांधून झाल्यावर त्याच्याकडे पाहत नाही. मांडवाची रीत जशीच्या तशी उचलून तिच्यावर झापांऐवजी पत्रा घातला, की दोन दोष हळूहळू वर येतात. खांब जमिनीच्या रेषेवर कुजतो आणि छप्पर वाऱ्याने उचलले जाते. आपल्याकडे असा गोठा ओझ्याखाली मोडून पडण्याचे भय थोडे. तो पायात कुजण्याचे व माथ्यावरून उडण्याचे भय मोठे. म्हणून काटकसर करावयाची असेल ती मधल्या भागात करावी. खांबाच्या पायाशी आणि छपराच्या बांधणीत करू नये.

आधी कागदावर

प्रथम जागेचा हिशेब करू. भारतीय मानकांप्रमाणे एका गायीस छपराखाली साडेतीन चौरस मीटर, म्हशीस चार आणि वासरास एक चौरस मीटर जागा लागते. दोन गायी व एक वासरू धरले तर केवळ आठ चौरस मीटर होतात. तेवढ्यावर गोठा बांधला की काम झाले, असे वाटेल. पण वैरणीचा हिशेब राहून जातो.

एका गायीस दिवसाला पाच किलो पेंढा धरू. पावसाळ्याचे चार महिने म्हणजे १२० दिवस. दोन गायींस १,२०० किलो पेंढा कोरडा राहिला पाहिजे. सुटा रचलेला पेंढा घनमीटरला सुमारे ६० किलो बसतो असे मानले तर २० घनमीटर जागा हवी, म्हणजे दोन मीटर उंचीची रास केली तरी दहा चौरस मीटर. सारांश, गायींपेक्षा त्यांच्या वैरणीस जागा अधिक लागते! हिरवा चारा भरपूर असेल त्याने हा आकडा कमी करावा; पण शून्य करू नये. भिजलेल्या पेंढ्यावर बुरशी धरते आणि ती पोटात गेली की जनावर आजारी पडते. पावसात गाय दूध तोडते तेव्हा दोष पुष्कळदा गायीचा नसून पेंढ्याच्या ओलीचा असतो.

तेरेखोल नदीपलीकडे महाराष्ट्रात २०२१ साली शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेखाली दोन ते सहा जनावरांच्या गोठ्याचे जे माप ठरविण्यात आले, ते ७.७ मीटर लांब व ३.५ मीटर रुंद, म्हणजे २६.९५ चौरस मीटर होते. सोबत २५० लिटरचे मूत्र साठविण्याचे टाके व २०० लिटरची पिण्याच्या पाण्याची टाकी होती आणि त्यासाठी ७७,१८८ रुपये धरले होते. जनावरांपुरते हे माप चांगले आहे. मात्र त्यात वैरणीचा स्वतंत्र खण नाही आणि आपल्याकडील पावसात तो हवाच.

म्हणून दोनतीन जनावरांसाठी तीन खणांचा गोठा सोयीचा. प्रत्येक खण अडीच मीटरचा धरल्यास लांबी साडेसात मीटर होते. रुंदी साडेचार मीटर ठेवावी. दोन ओळींत चार चार असे आठ खांब लागतात. रुंदीची वाटणी येणेप्रमाणे करावी : वैरण टाकण्यास वाट एक मीटर, गव्हाण साठ सेंटिमीटर, गाय उभी राहण्याची जागा एक मीटर साठ, गटार तीस सेंटिमीटर आणि मागे शेण काढण्यास वाट एक मीटर. एका गायीस रुंदीत सव्वा मीटर मिळाला म्हणजे एका खणात दोन गायी बसतात. गोव्याची म्हणून नोंदली गेलेली श्वेतकपिला बेताच्या अंगाची असल्यामुळे तिला ही जागा ऐसपैस होईल. मोठ्या संकरित गायीस उभे राहण्याची जागा थोडी लांब ठेवावी. दुसऱ्या खणात वासरू, आजारी जनावर किंवा विणारी गाय राहील. तिसरा खण वैरणीचा. त्याचे क्षेत्र सव्वाअकरा चौरस मीटर भरते, म्हणजे वर काढलेला १,२०० किलोंचा साठा त्यात मावून थोडी जागा उरते. वैरणीखाली बांबूचा हातभर उंच माच करावा, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही.

तोंड कोणीकडे?

गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. दमट, उष्ण किनारपट्टीस हीच दिशा मानवते. दुपारचे ऊन लांब बाजूंनी आत शिरत नाही आणि सावली छपराखालीच राहते. आपल्याकडील पावसाळी वारा पश्चिम व नैऋत्येकडून येतो. लांबी पूर्व-पश्चिम असली की वाऱ्यासमोर गोठ्याची अरुंद बाजू येते. अशा रीतीने ऊन आणि वारा दोघेही एकच दिशा सांगतात.

पश्चिमेची बाजू मात्र बंद करावी. खाली कमरेइतकी चिऱ्यांची भिंत आणि वर बांबूच्या तट्ट्या किंवा झाप पुरेत. दक्षिणेच्या बाजूस पावसाळ्यापुरते झाप टांगावेत. पूर्व व उत्तर मोकळी ठेवावी. ह्याचे कारण केवळ पाऊस नव्हे. वारा ज्या बाजूने येतो ती बाजू उघडी आणि समोरची बंद अशी रचना झाली, तर वारा आत कोंडून छपराला खालून ढकलतो. वाऱ्याची बाजू बंद व मागची मोकळी असेल, तर हे कोंडणे होत नाही. म्हणूनच वैरणीचा खण पूर्वेच्या टोकास असला, तरी रास आणि छप्पर यांमध्ये हातभर मोकळीक सोडावी. वैरण घरच्या चुलीपासून दूर ठेवावी, हे सांगावयास नकोच.

खांबाचा पाय

लाकूड का कुजते हे समजले म्हणजे उपाय आपोआप सुचतो. लाकूड खाणारी बुरशी ओल आणि हवा दोन्ही असल्याशिवाय जगत नाही. विहिरीच्या तळाशी घातलेले लाकडी चक पाण्यात असूनही टिकते, कारण तेथे हवा नाही. माळ्यावरचे वासे टिकतात, कारण तेथे ओल नाही. जमिनीच्या रेषेवर, म्हणजे वर वीतभर व खाली हातभर, ओल आणि हवा दोन्ही मिळतात. तेथेच खांब जातो. वाळवीही तेथूनच वर चढते. डांबर फासणे, बूड जाळून काळे करणे, काजूच्या टरफलाचे तेल लावणे हे उपाय काही वर्षे पुढे ढकलतात. कायमचे सोडवीत नाहीत.

उत्तम उपाय असा की लाकूड जमिनीत घालूच नये. प्रत्येक खांबाच्या जागी काँक्रीटचा पाया घालावा, त्यात दोन लोखंडी पट्ट्या उभ्या बसवाव्यात आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर त्या पट्ट्यांच्या मध्ये खांब ठेवून आरपार बोल्ट मारावेत. खांबाच्या बुडाखालून वारा फिरला पाहिजे. बूड कोरडे राहते, आणि पुढे एखादा खांब बदलावा लागला तर बोल्ट काढून बदलता येतो.

ह्या पद्धतीत एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. पुरलेला खांब स्वतःच्या बळावर उभा राहतो. पट्टीत धरलेला खांब बिजागरीसारखा डुलतो. त्याला दोन्ही दिशांनी तिरके आधार दिलेच पाहिजेत. खांबाच्या माथ्यापासून पाऊण मीटर खाली सुरू होऊन आडव्या तुळईस जाऊन मिळणारा तिरका तुकडा प्रत्येक खांबास हवा. हे तुकडे दिसावयास किरकोळ वाटतात, परंतु गोठा कलंडू न देण्याचे काम तेच करतात. जो खांब पुरावयाचाच आहे, तो निदान एक मीटर खोल जावा आणि तो लाकडाचा नसून सिमेंटचा किंवा जस्त चढविलेल्या लोखंडी नळीचा असावा.

पाया किती मोठा असावा, हे जमिनीवर आहे. मोरडीच्या जांभ्या जमिनीत खड्डा खणणे कष्टाचे, पण एकदा खणला की त्याच्या बाजू पाया घट्ट धरतात. शेताच्या चिकण जमिनीत पावसात माती मऊ होते. आश्वे, जुनसवाडा ह्या बाजूच्या रेतीत तर खड्ड्याच्या बाजू काहीच धरीत नाहीत; तेथे पाया तळाशी रुंद करावा, म्हणजे वरच्या रेतीचे वजन त्यावर बसून तो उपटला जात नाही. उपटला जाण्याची ही भीती अतिशयोक्तीची आहे काय, ते आता पाहू.

छप्पर उडते कसे?

भारतीय मानकांत गोव्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. अशा वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलो होतो. छपराचा उतार, उंची व आडोसा पाहून हा आकडा कमीअधिक होतो, पण अदमासास तो पुरे. आपल्या गोठ्यास चारही बाजूंनी पाऊण मीटर वळचण सोडली तर छपराचे क्षेत्र नऊ गुणिले सहा, म्हणजे ५४ चौरस मीटर होते. वर उचलणारा जोर पाच हजार किलोंच्या आसपास गेला. पत्रे, रिपा व कैच्या मिळून छपराचे वजन चौरस मीटरला १५ किलो धरले तर ८१० किलो. बाकीचे चार हजार दोनशे किलो आठ खांबांनी खाली ओढून धरावयाचे, म्हणजे प्रत्येकी पाचशे किलोंहून अधिक.

ह्याच्या तुलनेत दीड फूट लांबरुंद व तीन फूट खोल काँक्रीटच्या पायाचे वजन सुमारे ४४० किलो भरते. भोवतालच्या मातीची पकड त्यात मिळविली की हिशेब जुळतो. ह्याहून लहान पाया घालू नये. जुन्या कौलारू छपराचे वजन चौरस मीटरला चाळीस किलोंच्या घरात असे. त्या वजनानेच ते बरेचसे दबून राही. पत्रा हलका म्हणून आपण निवडतो, पण हलकेपणाची किंमत पायात मोजावी लागते.

पाया भक्कम असूनही छप्पर जाते, कारण साखळी मध्येच तुटते. पत्रा रिपेस धरलेला, रीप कैचीस, कैची खांबास आणि खांब पायास, अशी ही साखळी आहे. तिच्यातील जो सांधा नुसत्या खिळ्यावर आहे तेथे ती तुटते, कारण खिळा ओझे पेलतो पण वरची ओढ त्याला सहन होत नाही. तो सरळ उपसून येतो. म्हणून रिपा कैचीस लोखंडी पट्टीने बांधाव्यात व कैची खांबास बोल्टने आवळावी. वळचणीला व आढ्याला, म्हणजे पत्र्याच्या कडांना, ओढ सर्वांत जास्त असते. तेथे हुक दाट मारावेत. समुद्राच्या खाऱ्या हवेने आणि गोठ्यातील मूत्राच्या वाफेने लोखंड लवकर गंजते. पत्रा जस्ताच्या जाड थराचा किंवा ॲल्युमिनियमचा घेतला आणि हुक साधे घेतले तर पत्रा शाबूत राहून हुक जातात! दोन्ही एकाच दर्जाचे घ्यावेत व दरवर्षी तपासावेत.

पाणी आणि जमीन

गोव्यात वर्षाला सरासरी तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. ५४ चौरस मीटर छपरावरून दर वर्षी सुमारे १,६२,००० लिटर पाणी खाली येते आणि ते सारे पागोळ्यांच्या रेषेत, खांबांच्या पायांजवळ पडते. म्हणून वळचणीस पन्हळ लावून पाणी एका टोकास न्यावे. ते जमत नसेल तर निदान पागोळीखाली चिऱ्यांच्या तुकड्यांचा चर करून पाणी उताराकडे काढून द्यावे. वळचण मोठी केली तर आत पाऊस येत नाही, पण वाऱ्याला धरावयास अधिक जागा मिळते. पाऊण मीटर हे मध्यम माप आहे.

गोठ्याची जमीन भोवतालच्या जमिनीहून हात-दीड हात उंच करावी. गाय उभी राहते त्या जागेस चाळीसास एक असा गटाराकडे उतार द्यावा, म्हणजे दीड मीटरला सुमारे चार सेंटिमीटर. उतार कमी असेल तर मूत्र साचते, फार असेल तर गाय घसरते. सिमेंटचा पृष्ठभाग गुळगुळीत न करता रेघा ओढून खरबरीत करावा. गटाराच्या शेवटी टाके बांधले म्हणजे गोमूत्र माडांना व भाज्यांना घालता येते. विजेचा दिवा घेतला तर तार खांबास वा पत्र्यास चिकटू देऊ नये आणि बटण जनावराच्या आवाक्याबाहेर ठेवावे. ओल्या जमिनीवरचे जनावर थोड्याशा विजेनेही दगावते.

लाकूड आणि परवानगी

खांबांस खैर, ऐन किंवा किंदळ यांचे पक्के, वाळलेले लाकूड चांगले. माडाचे लाकूड बाहेरून कठीण व आतून भुसभुशीत असते. जुन्या माडाच्या बुंध्याकडील बाहेरचा भाग छपराच्या कामास येतो. जमिनीत तो टिकत नाही. तट्ट्या व माच यांसाठी आपल्याकडचा माणगा हा भरीव बांबू उत्तम. तो तीन वर्षांहून जुना असावा, पावसाळा संपल्यावर तोडावा आणि काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा, म्हणजे त्यातील पिठूळ अंश जाऊन किडीला खाद्य उरत नाही. बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात भिजविल्यास अधिक चांगले; परंतु हे औषध पावसाने धुऊन जाते, म्हणून असा बांबू छपराखालीच वापरावा.

घरचे झाड असले तरी तोडण्याआधी वन खात्याची परवानगी लागते. गोव्याचा वृक्षसंरक्षण कायदा १९८४ चा आहे. २०१६ साली माड त्यातून वगळला होता, परंतु पुढे तो पुन्हा कायद्याच्या कक्षेत आला. बांधकामासाठी पंचायतीकडे अर्ज करावा. जागा समुद्र किंवा खाडीलगत असेल तर ती किनारी नियमन क्षेत्रात मोडते काय ते आधी पाहावे. आणि सर्वांत आधी एक-चौदाचा उतारा काढून जमीन कोणाच्या नावे आहे व कुळाचे नाव लागले आहे काय हे तपासावे. भाऊबंदांची सामाईक जागा असेल तर सर्वांची लेखी संमती घ्यावी. खांब उभे राहिल्यावर निघालेला वाद गोठ्यापेक्षा महाग पडतो. पशुसंवर्धन खात्याच्या योजनांची चौकशीही काम सुरू करण्यापूर्वीच करणे हिताचे.

वर्षाचा क्रम

नोव्हेंबरात कागदपत्रे व बांबूची तोड, डिसेंबर-जानेवारीत खड्डे व पाये, फेब्रुवारीत खांब व कैच्या, मार्चमध्ये पत्रे, एप्रिलात जमीन व गव्हाण असा क्रम ठेवावा. पूर्वी मे महिन्याच्या अखेरीस आडोसे घालण्याची रीत होती, ती आता उशिराची ठरते. मे २०२१ च्या मध्यास तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. त्या वेळी नेहमीच्या पावसाळ्यास तीन आठवडे अवकाश होता. अर्धवट बांधलेले छप्पर वादळात सर्वांत आधी जाते. म्हणून एप्रिल संपण्यापूर्वी शेवटचा हुक बसलेला असावा.

प्रत्येक वर्षी एप्रिलात एक सकाळ राखून ठेवावी. बोल्ट आवळावेत, गंजलेले हुक बदलावेत, खांबांच्या बुडाशी साचलेले शेणमाती काढून ती मोकळी करावीत आणि चर साफ करावा. मांडव दरवर्षी नवा होत असे. आपला गोठा दरवर्षी निदान तपासला जावा.

पैसे कमी पडत असतील तर तिन्ही खण एकदम बांधू नयेत. आठही पाये आधी नीट घालून घ्यावेत, पहिल्या वर्षी दोन खण छपरावे आणि तिसऱ्यासाठी पुढच्या वर्षाची वाट पाहावी. तट्ट्यांऐवजी झाप चालतील, सिमेंटच्या गव्हाणीऐवजी लाकडी चालेल, रंग नसला तरी चालेल. पाया आणि बांधणी मात्र पहिल्याच वर्षी पूर्ण असावी. खांब उभे करण्याच्या दिवशी सहासात माणसांचे हात लागतात. शेजाऱ्यांनी एकमेकांकडे एकेक दिवस दिला तर मजुरीचा मोठा भार हलका होईल. एका वाडीवर एक गोठा असा नीट उभा राहिला की दुसऱ्यास त्याची मापे घेता येतील, आणि गोठा नाही म्हणून गाय विकण्याची पाळी थोड्या घरांवर येईल.